एक रुपयाची थकबाकी: हिरव्या टेस्ट आणि गायब झालेलं ‘भरा’ बटण

महापे एमआयडीसीतल्या एका छोट्या सॉफ्टवेअर कंपनीचं हे प्रकरण. गृहनिर्माण सोसायट्यांची देखभाल बिलं काढणारं वेब ॲप्लिकेशन ती चालवते. नेरुळ, सानपाडा, खारघरमधल्या सोसायट्या तिच्या गिऱ्हाईक, थोड्या ठाण्यात घोडबंदर रोडलाही. मी तिथे बाहेरचा सल्लागार म्हणून जात होतो. एवढ्या टेस्ट (कोड नीट चालतो का ते आपोआप तपासणारे छोटे प्रोग्राम; पास झाले की हिरवे, नापास झाले की लाल) असूनही बग गिऱ्हाइकापर्यंत पोचतात कसे, ते शोधायचं, एवढंच काम होतं. प्रकरण लिहायला कंपनीची हरकत नव्हती, नाव मात्र नको म्हणाले.

ॲप्लिकेशन पायथनमध्ये, जँगो फ्रेमवर्कवर बांधलेलं. जँगोत ब्राउझरची विनंती घेऊन माहिती गोळा करणाऱ्या फंक्शनला व्ह्यू म्हणतात आणि पान रंगवायचं काम टेम्प्लेट करतो. दुसऱ्या काही फ्रेमवर्कमध्ये टेम्प्लेटलाच व्ह्यू म्हणतात. इथे दोन्हींचा विचार एकत्र करावा लागेल, कारण बग बसला होता तो बरोबर दोघांच्या मधल्या फटीत.

बिलाचं पान दिसायला साधं असलं तरी आत बरंच काही असतं. सेवा शुल्क, सिंकिंग फंड, दुरुस्ती निधी, फ्लॅट भाड्याने दिला असेल तर ना-वापर शुल्क (महाराष्ट्रात ते सेवा शुल्काच्या १० टक्क्यांवर नेता येत नाही), थकबाकीवर व्याज (आदर्श उपविधींप्रमाणे जास्तीत जास्त वार्षिक २१ टक्के, सरळव्याज), आणि सभासदाचं शुल्क महिन्याला ७,५०० रुपयांवर व सोसायटीची उलाढाल वर्षाला २० लाखांवर गेली की १८ टक्के जीएसटी. या सगळ्याच्या खाली ‘एकूण थकबाकी’ आणि थकबाकी असेल तरच दिसणारं ‘भरा’ बटण. सभासदाला रस असतो तो या शेवटच्या दोन गोष्टींत.

घडलं ते असं

जुलैच्या सुरुवातीला तिमाही बिलं निघाली. त्याच आठवड्यात एका संध्याकाळी नवी आवृत्ती चढवली. टेस्ट सगळ्या हिरव्या होत्या. दुसऱ्या दिवशी सकाळी नेरुळच्या एका सोसायटीच्या खजिनदारांचा फोन सपोर्टला आला. बँकेतून निवृत्त झालेले गृहस्थ, हिशेबाला पक्के.

“अहो ताई, आमच्या लोकांची बिलं माफ केलीत की काय? थकबाकीपुढे नुसतं रुपयाचं चिन्ह आहे, आकडाच नाही. आणि पैसे भरायचं बटण कुठे गेलं?”

“काका, एकदा पान रिफ्रेश करून बघता का?”

“केलं. माझ्या मोबाइलवर केलं, सूनबाईंच्या लॅपटॉपवर केलं. चिन्हच येतंय.”

अर्ध्या तासात इतर सोसायट्यांचेही फोन सुरू झाले. पान उघडत होतं, एररही नव्हती. सर्व्हरच्या लॉगमध्ये सगळं २००, म्हणजे ‘ठीक’. पाळत ठेवणाऱ्या यंत्रणेच्या दृष्टीने सगळं आलबेल होतं. आवृत्ती मागे घेतली, बटण परत आलं, आणि तासाभरात गोंधळ निवळला. नुकसान म्हणावं तर सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ‘या तिमाहीत मेंटेनन्स माफ’ अशी बातमी फिरली, आणि ती खोटी आहे हे पटवायला समित्यांना पुढे बराच वेळ लागला.

नाव बदललं, पण अर्ध्याच ठिकाणी

कारण सापडायला वेळ लागला नाही. बिलाच्या मॉडेलवर (डेटाबेसमधल्या नोंदीसाठीचा पायथनमधला वर्ग) ‘आउटस्टँडिंग’ नावाची प्रॉपर्टी होती, म्हणजे वाचताक्षणी हिशेब करून मिळणारी किंमत. ती दर वेळी डेटाबेसला विचारायची: या बिलापोटी आजवर किती जमा झाले? एका बिलाच्या पानावर ते ठीक. पण समितीच्या यादीच्या पानावर तीनशे फ्लॅट असले की तीनशे वेगळ्या क्वेरी. पान उघडेपर्यंत सेक्रेटरी वैतागायचे. टीममधल्या एका मुलाने ते नीट केलं. हिशेब त्याने क्वेरीतच, ॲनोटेशन म्हणून नेला, म्हणजे सगळ्या बिलांची थकबाकी एकाच क्वेरीत मिळते. काम चोख होतं, ते नमूद करायला हवं.

ॲनोटेशनलाही ‘आउटस्टँडिंग’ हेच नाव द्यायला गेला तर जँगो अडलं. क्वेरीतून आलेली किंमत जँगो वस्तूवर त्या नावाने बसवतं, आणि तिथे आधीच सेटर नसलेली, म्हणजे नुसती वाचता येणारी, प्रॉपर्टी असेल तर पायथन ती बसवू देत नाही. म्हणून नवं नाव ‘बॅलन्स_ड्यू’. मग जुनी प्रॉपर्टी काढून टाकली, एडिटरमध्ये सर्व पायथन फायलींतून जुनं नाव शोधून नवं घातलं. यादीच्या टेम्प्लेटवर तो स्वतः काम करत होता, तिथेही बदललं. सभासदाच्या बिलाचा टेम्प्लेट ही एचटीएमएल फाइल. शोध पायथनपुरताच होता, तिथवर पोचला नाही.

आता जँगोच्या टेम्प्लेटचा स्वभाव आडवा आला. टेम्प्लेटने मागितलेलं नाव वस्तूवर नसेल तर तो ओरडत नाही, रिकामी जागा सोडून पुढे जातो. ‘जर’ची अट असेल तर न सापडलेल्या नावाची किंमत पायथनचं ‘नन’, म्हणजे अट खोटी. आकड्याच्या जागी रिकामं आणि बटणाच्या जागी काहीच नाही, याचा उलगडा एवढाच.

खरी चौकशी इथून पुढे सुरू झाली. नाव चुकणं रोजचंच आहे. या पानाला टेस्ट होत्या, त्यांत ‘थकबाकीचा आकडा दिसतो’ आणि ‘भरा बटण दिसतं’ अशा दोन्ही होत्या. त्या हिरव्या का राहिल्या?

एक रुपया आला कुठून

टेस्टची रचना अशी होती. डेटाबेसला हात लावायचा नाही असा टीम लीडचा दंडक होता, म्हणून बिल आणणारं ‘गेट ऑब्जेक्ट ऑर ४०४’ (४०४ म्हणजे ‘सापडलं नाही’) हे फंक्शन पॅच करून, म्हणजे टेस्टपुरतं बदलून, त्याजागी एक मॅजिकमॉक, म्हणजे खऱ्या वस्तूचं सोंग घेणारा तोतया, परत केला जायचा. त्या मॉकवर थकबाकी ४,२०० अशी ठेवलेली. आधी हे ‘आउटस्टँडिंग’ नावाने होतं. नाव बदलण्याच्या झाडाझडतीत टेस्टच्या पायथन फायलीतही ‘बॅलन्स_ड्यू’ झालं. म्हणजे टेस्ट एक नाव भरत होती, टेम्प्लेट दुसरंच मागत होता, आणि तरी टेस्ट पास.

टेस्टमधली अपेक्षेची ओळ वाचली आणि मी थबकलो. पानात ‘₹ १.००’ दिसलं पाहिजे, असं तिथे लिहिलं होतं. वर ४,२०० भरलेत आणि खाली १.०० अपेक्षित. लीडला विचारलं, हा एक रुपया कसला?

“सर, ती सॅम्पल व्हॅल्यू असेल. खूप जुनी टेस्ट आहे.”

ही सॅम्पल व्हॅल्यू नव्हती. टेस्ट लिहिणाऱ्याने बहुधा पान छापून बघितलं, १.०० आलं, तेच अपेक्षा म्हणून चिकटवलं. तो आकडा येतो कसा, याचा माग काढण्यासारखा आहे.

टेम्प्लेटमध्ये ‘बिल’नंतर टिंब देऊन नाव लिहिलं की जँगो आधी त्या वस्तूला डिक्शनरी समजून चावी म्हणून ते नाव विचारून बघतं. ते जमलं नाही तरच ॲट्रिब्यूट, म्हणजे वस्तूवरचा त्या नावाचा गुणधर्म, बघतं. साधं मॉडेल डिक्शनरीसारखं वागत नाही, त्यामुळे लगेच दुसऱ्या पायरीवर जातं. मॅजिकमॉक मात्र चौकोनी कंसालाही उत्तर देतो. मॅजिक म्हणतात ते त्यासाठीच. कोणतीही चावी विचारा, तो दुसरा एक मॅजिकमॉक काढून हातात देतो. म्हणजे टेस्टमध्ये निगुतीने ठेवलेले ४,२०० टेम्प्लेटने कधी वाचलेच नाहीत, नाव बरोबर होतं तेव्हाही नाहीत.

मग जँगो बघतं, हाती आलेली वस्तू फंक्शनसारखी बोलावता येते का. मॉक बोलावता येतो. पण बोलावण्याआधी ‘टेम्प्लेटमध्ये मला बोलावू नका’ अशी खूण वस्तूवर आहे का, तेही तपासलं जातं. मॉककडे सगळ्या खुणा असतात, कारण मागाल ते ॲट्रिब्यूट तो तयार करतो आणि ते खरंच ठरतं. त्यामुळे त्याला बोलावलं जात नाही, तो तसाच पुढे जातो.

पुढे असतं दोन दशांश ठेवणारं फ्लोटफॉरमॅट फिल्टर. ते आधी मजकुराचा दशांश आकडा करून बघतं. मॉकचा मजकूर म्हणजे कोनी कंसातलं नाव आणि आयडी, त्याचा आकडा होत नाही. मग ते वस्तूचंच फ्लोटमध्ये (पायथनच्या दशांश आकड्यात) रूपांतर मागतं. मॅजिकमॉकचं फ्लोट ठरलेलं आहे: १.०. इंटिजर मागा, तर १. झाला एक रुपया तयार.

मधे फिल्टर नसता तर पानात मॉकचं ते विचित्र नाव छापून आलं असतं आणि कुणाच्या तरी डोळ्यात भरलं असतं. फिल्टरमुळे ते सभ्य आकड्याच्या वेषात आलं. हा योगायोग नुसता गमतीचा नाही, पैसे दाखवणाऱ्या जवळपास प्रत्येक पानावर तो घडू शकतो. तुमच्या टेस्टमध्ये कुठे विनाकारण १.०० अपेक्षित असेल तर आजच शोधून बघा.

बटणाची टेस्ट याच कारणाने पास. ‘जर थकबाकी असेल तर बटण’, आणि मॅजिकमॉक अटीत नेहमीच खरा. जमा पावत्यांच्या यादीचं उलटं: मॅजिकमॉकवर फेरा मारला तर तो रिकामा निघतो. त्यामुळे ‘अद्याप पावती नाही’ ही ओळ टेस्टमध्ये कायम दिसायची, आणि पावती छापणारा टेम्प्लेटचा भाग एकाही टेस्टमध्ये कधी चाललाच नव्हता.

वगळलेली टेस्ट

फाइल खाली चाळताना आणखी एक सापडलं. ‘थकबाकी शून्य असेल तर बटण दिसू नये’ अशी टेस्ट कुणीतरी लिहिली होती आणि ती वगळा अशी खूण करून ठेवली होती. शेजारी शेरा: ‘फ्लेकी, नंतर बघू’.

ती फ्लेकी, म्हणजे कधी पास तर कधी नापास होणारी, नव्हती. दर वेळी, न चुकता नापास होत होती, कारण मॉकवर शून्य ठेवलं तरी टेम्प्लेटच्या हाती मॉकच येत होता आणि बटण दिसतच होतं. स्टब (ठरलेली उत्तरं देणारा हा तोतया) आणि टेम्प्लेट एकमेकांशी बोलतच नाहीत, हे त्या संपूर्ण फायलीत फक्त या टेस्टने सांगितलं होतं, आणि तिलाच गप्प बसवलं गेलं. कुणाचा दोष काढायला म्हणून हे लिहीत नाही. रिलीजच्या गडबडीत लाल टेस्ट दिसली आणि कारण लगेच कळलं नाही की कोणीही हेच करतो. पण नवीन कोडबेसमध्ये गेलं की मी आता आधी वगळलेल्या टेस्ट वाचतो. पास होणाऱ्यांपेक्षा त्या जास्त बोलक्या असतात.

स्टब कोणता, मॉक कोणता

टीममध्ये सगळ्यालाच ‘मॉक’ म्हणायची सवय होती, कारण पायथनच्या मॉड्यूलचं नाव तेच. ते २०१२ च्या ३.३ आवृत्तीपासून भाषेबरोबरच मिळतं, वेगळं बसवावं लागत नाही. जेरार्ड मेस्झारोस यांनी २००७ मध्ये या सगळ्या तोतयांना ‘टेस्ट डबल’ असं सामायिक नाव दिलं आणि त्यांचे प्रकार पाडले: डमी, स्टब, स्पाय, मॉक, फेक. त्यातले दोन इथे कामाचे. स्टब विचारलं की ठरलेलं उत्तर देतो: बिल किती, तर ४,२००. मॉकने बोलावणं नोंदवायचं असतं: पेमेंट गेटवेला (पैसे घेणाऱ्या बाहेरच्या सेवेला) हाक मारली का, एकदाच मारली का, रक्कम कोणती दिली.

फरक शब्दांचा वाटतो, पण टेस्ट काय पकडेल ते त्यावर ठरतं. स्टबमधून आत येणारी माहिती टेस्ट लिहिणाऱ्याच्या समजुतीवर बेतलेली असते. ती समजूत चुकली तर टेस्ट त्याच चुकीला साक्ष देते; स्वतःच पेपर काढायचा आणि स्वतःच सोडवायचा, असा हा प्रकार. मॉक बाहेर जाणाऱ्या हाकेवर नजर ठेवतो, आणि ती हाक तुमच्या खऱ्या कोडने मारलेली असते. म्हणून व्ह्यूच्या टेस्टमध्ये मला मॉकचं भय कमी आणि सैल स्टबचं जास्त वाटतं. टेम्प्लेट हा तर केवळ नावांच्या भरवशावर चालणारा वाचक. त्याच्यासमोर कोणत्याही नावाला हो म्हणणारी वस्तू ठेवली की तपासायला उरतं काय?

रुबीवाल्यांनी हा रस्ता आधी तुडवलाय. रेल्स या रुबीच्या फ्रेमवर्कच्या व्ह्यू स्पेकमध्ये, म्हणजे टेम्प्लेटच्या टेस्टमध्ये, मॉक_मॉडेल आणि स्टब_मॉडेल हे मॉडेलचे तोतये सर्रास वापरत असत. आरस्पेक या टेस्टच्या साधनाच्या २०१४ मधल्या ३ ऱ्या आवृत्तीत हे दोन्ही मुख्य संचातून काढून वेगळ्या जेममध्ये (रुबीच्या पॅकेजमध्ये) ठेवले, आणि त्याच आवृत्तीत खऱ्या वर्गाशी पडताळून बघणारे डबल आले: वर्गावर नसलेल्या मेथडचा स्टब करायला गेलात तर ते नकार देतात.

पायथनमध्ये याला ऑटोस्पेक आहे: खऱ्या वर्गावर जे आहे त्यालाच तोतया उत्तर देतो. टीममधल्या एका मुलीने लगेच सुचवलं, “मग सगळीकडे ऑटोस्पेक लावूया ना?” सूचना चांगली होती. बिलाच्या वर्गावरून ऑटोस्पेकने स्टब केला असता तर तो चौकोनी कंसाला उत्तर देत नाही, कारण वर्गच देत नाही. काढून टाकलेलं ‘आउटस्टँडिंग’ मागितलं तर ॲट्रिब्यूट एरर देतो, आणि आकड्याची टेस्ट लाल झाली असती. पण लगेच दुसरी अडचण उभी राहते. ‘बॅलन्स_ड्यू’ वर्गावर नाहीच, ते क्वेरीतून येतं. साधा स्पेक ते नाव टेस्टमध्ये बसवू देतो, म्हणजे त्या एका नावापुरती पुन्हा समजूतच. कडक स्पेक_सेट लावला तर तो हे नाव बसवूच देत नाही, खरं असूनही. ॲनोटेशनवर चालणाऱ्या पानांना मॉडेलचा स्टब म्हणूनच नीट बसत नाही.

पॅचमागे लपलेलं दुसरं भोक

बिल आणण्याचं फंक्शनच पॅच केल्यामुळे आणखी एक गोष्ट झाकली गेली होती, आणि माझ्या मते ती गायब बटणापेक्षा गंभीर होती. व्ह्यू बिल कसं शोधतो? फक्त बिलाच्या क्रमांकावरून. लॉगिन केलेलं असणं बंधनकारक होतं, पण ते बिल त्याच सभासदाचं आहे का, निदान त्याच सोसायटीचं आहे का, हे कुठेच विचारलं जात नव्हतं. ॲड्रेस बारमधला आकडा एकने वाढवला की शेजाऱ्याची थकबाकी समोर.

पॅच केलेलं फंक्शन कोणतेही आर्ग्युमेंट घेतं आणि ठरलेला मॉक परत करतं. क्वेरी चुकीची असो, गाळणी राहिलेली असो, टेस्टला पत्ता लागत नाही. शोधण्याच्या अटी हेच या व्ह्यूचं निम्मं काम, आणि टेस्टमध्ये नेमकं तेच कापून टाकलेलं. सोसायटीत कुणाची किती बाकी आहे हा किती नाजूक विषय असतो, ते वार्षिक सर्वसाधारण सभेला एकदा जरी गेलेल्या माणसाला सांगायला नको. लॉग तपासले, कुणी गैरफायदा घेतल्याचं दिसलं नाही. दुरुस्ती त्याच दिवशी चढवली: बिल आता सभासदाच्या स्वतःच्या फ्लॅटांमधूनच शोधलं जातं, दुसऱ्याचं मागितलं तर ४०४.

काय बदललं

बिलाच्या पानाच्या टेस्ट पुन्हा लिहिल्या, खरा टेस्ट डेटाबेस आणि ब्राउझरसारखी विनंती पाठवणारा जँगोचा टेस्ट क्लायंट वापरून. सोसायटी, फ्लॅट, बिल, पावती तयार करायला छोट्या फॅक्टरी (नमुन्याच्या नोंदी बनवणारा कोड) बनवल्या. आता बिलावर ४,२०० बाकी, मुदत उलटून ६१ दिवस, व्याजदर २१ टक्के. पानावर व्याज १४७.४० आणि एकूण ४,३४७.४० दिसलंच पाहिजे. आकडा कागदावर हाताने काढला, मग टेस्टमध्ये घातला. पानाने दाखवलेला आकडा उचलून अपेक्षेत चिकटवायचा नाही, हे कोड रिव्ह्यूमध्ये आता आवर्जून बघतात. वगळलेली टेस्ट उघडली आणि ती पहिल्या फटक्यात पास झाली.

‘शेजाऱ्याचं बिल मागितलं तर ४०४’ ही टेस्ट नवीन आली. यादीच्या पानाला क्वेरींची संख्या मोजणारी टेस्ट आली. या सगळ्याची सुरुवात ज्या संथपणाने झाली तो पुन्हा शिरला तर मॉकला कधी कळणार नव्हतं, कारण मॉक क्वेरी करतच नाही.

वेळेचा मुद्दा लीडने लावून धरला, आणि तो रास्त होता. डेटाबेसच्या टेस्ट मॉकइतक्या झटपट होत नाहीत. पण फरक त्याला वाटला होता तेवढा निघाला नाही. जँगोचा टेस्टकेस प्रत्येक टेस्ट ट्रान्झॅक्शनमध्ये गुंडाळून शेवटी परत फिरवतो, त्यामुळे डेटाबेस पुन्हापुन्हा उभा करावा लागत नाही. सामायिक माहिती वर्गाच्या पातळीवर एकदाच तयार केली. टेस्टचा डेटाबेस जपून ठेवणारा कीपडीबी हा पर्याय लावून मायग्रेशनचा (डेटाबेसची रचना उभारण्याचा) वेळ वाचवला. टेस्टपुरता पासवर्डचा हॅशर (पासवर्ड गुप्त रूपात बदलणारा भाग) हलका केला, आणि सगळ्यात जास्त वेळ तिथेच जात होता असं निघालं. बिचाऱ्या डेटाबेसवर फुकट आळ.

टेम्प्लेटने न सापडलेलं नाव गिळू नये म्हणून टेस्टच्या सेटिंगमध्ये ‘स्ट्रिंग_इफ_इनव्हॅलिड’ला एक भडक मजकूर दिला आणि पानात तो मजकूर नाही ना, हे तपासलं. उपयोग झाला, दोन जुन्या पानांवर अशीच मेलेली नावं सापडली. मर्यादा मात्र लक्षात ठेवावी: ‘जर’च्या अटीत हा मजकूर येत नाही, तिथे ‘नन’च मिळतं. बटणाची चूक त्याने पकडली नसती. शिवाय जँगोची स्वतःची ॲडमिनची पानं रिकाम्या किमतीच्या भरवशावर लिहिलेली आहेत, ती यात बिघडू शकतात. प्रॉडक्शनमध्ये हे लावू नये.

मॉक कुठे ठेवले

सगळे मॉक उपटून टाकावेत असं माझं म्हणणं कधीच नव्हतं. पेमेंट गेटवेला टेस्टमधून खरी हाक मारायची नाही, हे उघड आहे. ‘भरा’ दाबल्यावर चालणाऱ्या व्ह्यूत गेटवेच्या क्लायंटचा ऑटोस्पेक केलेला मॉक आहे. टेस्ट बघते: ऑर्डर एकदाच मागितली का, आणि रक्कम ४,३४,७४० गेली का, कारण गेटवेला आकडा रुपयांत नव्हे, पैशांत लागतो, आणि रुपये-पैशांची गफलत इथेच होते. बाकी शून्य असताना कुणी हाताने फॉर्म पाठवला तर गेटवेला हाक जाताच कामा नये, तीही एक टेस्ट. गेटवेचं उत्तर मात्र मनाने रचायचं नाही, सँडबॉक्समधून (गेटवेच्या चाचणीसाठीच्या व्यवस्थेतून) आलेलं खरं उत्तर जतन करून तेच स्टबमध्ये वापरायचं, असं ठरलं.

एसएमएसच्या बाबतीत जुनाच सापळा होता. व्ह्यूच्या फायलीत पाठवण्याचं फंक्शन नावाने आयात केलेलं, आणि टेस्ट पॅच करत होती मूळ मॉड्यूलमध्ये. अशा वेळी व्ह्यूकडे आधीच खऱ्या फंक्शनचा धागा असतो, पॅच त्याला शिवतही नाही. पॅच करायचा तो जिथे नाव वापरलं जातं तिथे. टेस्ट चालवणाऱ्या संगणकावर एसएमएसची किल्ली नव्हती म्हणून खरे संदेश गेले नाहीत, एवढंच नशीब. ईमेलला काहीच करावं लागलं नाही: टेस्ट चालू असताना जँगो पत्रं बाहेर न पाठवता मेमरीतल्या आउटबॉक्समध्ये टाकतं, आणि त्यातलं पत्र उघडून मजकूर वाचता येतो. टेस्ट डबल कसा असावा याचं मला आवडणारं उदाहरण हेच. सगळ्यांसाठी एकदाच नीट बांधलेला, आणि खऱ्याच्या जागी नेमका बसणारा.

घड्याळाचं काय करायचं, यावर बरीच चर्चा झाली. व्याज आजच्या तारखेवर अवलंबून, म्हणून ‘आज’ पॅच करायला गेले तर पायथनच्या डेट वर्गाने नकार दिला. तो सी भाषेत लिहिलेला अंगभूत वर्ग, त्याचे ॲट्रिब्यूट असे बदलता येत नाहीत. शेवटी पॅचच सोडला. व्याज काढणाऱ्या फंक्शनला तारीख बाहेरून द्यायची, व्ह्यूने ती द्यायची. हे करताना दिसलं की व्ह्यू तारीख यूटीसीची, म्हणजे भारतापेक्षा साडेपाच तास मागे असलेल्या जागतिक वेळेची, घेत होता. रात्री बारा ते पहाटे साडेपाचपर्यंत बिल उघडणाऱ्याला आदल्या दिवशीपर्यंतचंच व्याज दिसायचं. तक्रार कुणी केली नव्हती, पैसे कमी मागितल्याची तक्रार कोण करतो!

न मिटलेला वाद

लीडचं म्हणणं अजून पूर्ण बदललेलं नाही. त्याच्या मते डेटाबेसपर्यंत जाणारी टेस्ट ही युनिट टेस्ट नव्हे, तिला वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवावी आणि व्ह्यूच्या मॉकवाल्या जलद टेस्ट तशाच चालू ठेवाव्यात. फोल्डर वेगळं करायला माझी ना नाही. पण टेम्प्लेट रंगवणाऱ्या व्ह्यूला मॉडेलचा मॉक देऊन जी टेस्ट उरते ती नक्की काय तपासते, हे त्याने एका तरी उदाहरणावर दाखवावं, असं मी म्हटलं. जेसन, म्हणजे पान नव्हे तर नुसती माहिती, परत करणाऱ्या एपीआयच्या व्ह्यूबद्दल त्याचा मुद्दा मला मान्य आहे. तिथे मधे सीरियलायझर (वस्तूतली माहिती जेसनसाठी काढून देणारा भाग) असतो, नाव सापडलं नाही तर तो सहसा गप्प बसत नाही, आणि जड हिशेब करणारा सर्व्हिस स्तर स्टब केला तर हरकत वाटत नाही. तिथल्या टेस्ट त्यांनी तशाच ठेवल्या, फक्त ऑटोस्पेक लावून.

पीडीएफ बिलाचं पान अजून जुन्याच पद्धतीने टेस्ट होतं. त्यात जीएसटीची ओळ आहे, आणि ७,५०० च्या आतल्या व वरच्या सभासदाची तुलना करणारी एकही टेस्ट तिथे नाही, कारण मॅजिकमॉकची आकड्याशी तुलना केली की टाइप एरर येते आणि टेम्प्लेटमधला ‘जर’ ती गिळून अट खोटी ठरवतो. जीएसटीची ओळ टेस्टमध्ये कधी छापलीच जात नाही. ऑक्टोबरची बिलं निघायच्या आत ते बदलायचं ठरलंय, आणि काम त्याच मुलाकडे दिलंय ज्याने ॲनोटेशन लिहिलं होतं.